मोओरेआची जीप सफर: वाटाड्या उत्तम, वेळापत्रक सदोष

प्रशांत महासागरातील ताहिती बेटापासून जेमतेम १७ किलोमीटरवर असलेल्या मोओरेआ बेटावर अर्ध्या दिवसाच्या जीप सफरी बरेचजण चालवतात. आम्ही घेतलेली सफर रोतुई डोंगर आणि त्याची दंतकथा यांपुरती अव्वल होती. पुढचा भाग मात्र उरकल्यासारखा झाला.

बेल्व्हेडेअर या उंचावरच्या जागेवरून ८९९ मीटरचा रोतुई थेट समोर येतो, त्याच्या डावीकडे ओपुनोहूची आणि उजवीकडे इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या नावाची खाडी आत शिरलेली दिसते, आणि पाठीमागची सुळक्यांची अर्धवर्तुळाकार रांग म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या विवराची उरलेली कड आहे, हे वाटाड्याने एकेका शिखराकडे बोट दाखवत समजावले. कुकने १७७७ साली नांगर टाकला तो मात्र ओपुनोहूच्या खाडीत, हेही त्याने मिश्कीलपणे सांगून टाकले.

चोरांचा देव हिरो याने हा रोतुईच पळवायचा घाट घातला होता. रात्रीच्या अंधारात दोर बांधून तो डोंगर ओढू लागला, तेव्हा पाई नावाच्या वीराने ताहितीच्या किनाऱ्यावरून भाला भिरकावला. तो मौआपुता शिखराच्या माथ्यातून आरपार गेला, कोंबडे आरवू लागले आणि उजाडले असे समजून हिरोने पळ काढला, अशी कथा आहे. मौआपुताच्या माथ्याशी आजही नेढे आहे. पाओपाओ गावाजवळ जीप थांबवून, ढग सरेपर्यंत कुरकुर न करता वाट पाहून, वाटाड्याने ते आम्हाला दाखवले. खालून ते ठिपक्याएवढेच दिसते, त्यामुळे दुर्बीण जवळ असावी.

तक्रार आहे ती ओपुनोहू खोऱ्यातील मराएंबद्दल. मापे वृक्षांच्या गर्द सावलीत शेवाळलेल्या दगडांची ही जुनी देवस्थाने आहेत आणि जवळच धनुर्धारी सरदारांचा चौथरा आहे, जिथे नेम साधण्याऐवजी बाण किती लांब जातो यावर चुरस चाले. इतक्या ऐवजासाठी आम्हाला फोटो काढण्यापुरता वेळ मिळाला, आणि अननसाचा मुरंबा विकणाऱ्या दुकानात मात्र सगळ्यांची खरेदी संपेपर्यंत जीप उभी राहिली.

बेल्व्हेडेअरपर्यंत डांबरी रस्ता असून मराए त्याच वाटेवर लागतात. सवड हवी असणाऱ्यांनी भाड्याची मोटार घ्यावी. कथेसाठी जाणाऱ्यांनी जीपच घ्यावी, पण मराएंना किती वेळ देणार हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.