नातवाच्या गेमला लावलेला सॉकेट टायमर: एक पावसाळा काढल्यावर

परवा रात्री नऊला ताटं मांडलेली असताना मॉनिटर आपोआप उजळला आणि नातू वरणभात टाकून पळाला. टायमरने संध्याकाळचे सहा रात्री नऊला वाजवले! म्हणून हे लिहायला बसलो.

वस्तू सगळ्यांनी पाहिलेली असेल. चोवीस तासांचं चाक, कडेने 96 पिना, एक पिन 15 मिनिटांची. दाबलेल्या पिनांपुरता सॉकेट चालू. नातवासाठी संध्याकाळी सहापासूनच्या चार पिना, म्हणजे तासभर. एम. जी. रोडवरून साडेपाचशेला आणला. दरमहा पैसे मागणारी ॲप्सही बघितली होती, पण पोराने कमी खेळावं म्हणून महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचे, हे काही मला पटेना.

विंडोजमध्ये मुलांचं खातं फुकट करता येतं, वेळेची मर्यादाही घालता येते. मुलाने ते करून दिलंच होतं. पण वेळ संपली की पोरगं आणखी वेळ मागतं आणि ती विनंती जाते बापाच्या मोबाईलवर. बाप अंबडला मीटिंगमध्ये. कटकट नको म्हणून तिथूनच मंजुरी देतो आणि घरी निस्तरायला मी. चाकाकडे अर्ज करता येत नाही, एवढ्याचसाठी ते घेतलं.

सीपीयूची वीज रोज अशी तोडली तर विंडोज कधीतरी बसणार, म्हणून टायमर फक्त मॉनिटरला लावला. तर पडदा काळा झाल्यावरही स्पीकर चालूच, आणि साहेब नुसत्या कानाने खेळतायत. मग स्पीकरही टायमरवर घेतले. बाजूला टायमरला बगल देणारं बटण असतं, ते त्याने दुसऱ्याच दिवशी शोधलं. त्यावर चिकटपट्टी मारली. मग रडारड: "आबा, तुमच्या टायमरने माझा माणूस मारला!" माइनक्राफ्टमध्ये पडदा गेला म्हणून खेळ थांबत नाही. तिकडे रात्र असेल तर राक्षस येतात आणि आपला गडी उभ्या उभ्या मरतो.

तेव्हा टायमर परत करायच्या विचारात होतो. पण त्या खेळातला अख्खा दिवस आपल्या 20 मिनिटांचा असतो, हे त्यानेच मला समजावलं. म्हणजे चार पिनांत तीन दिवस. आता तो भिंतीवरच्या घड्याळावर डोळा ठेवून खेळतो, शेवटी माणसाला घरात घेतो, दार लावतो, सेव्ह करतो आणि उठतो. "फक्त पाच मिनिटं" जवळजवळ बंद. साडेपाचशेत एवढं होईल असं वाटलं नव्हतं.

(पाच ते दहा वर्षांच्या मुलांना रोज दोन तासांच्या आत स्क्रीन, असं इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स म्हणते. चार पिना त्यात बसतात. टीव्हीवरची कार्टून्स हे आजीचं खातं, त्यात मी पडत नाही.)

आता मुख्य दुखणं. आतली मोटार विजेवरच फिरते, 50 हर्ट्झच्या तालावर. लाईट गेली की चाक थांबतं, आली की थांबलं तिथून पुढे. उन्हाळ्यात हे लक्षातही आलं नाही. वळवाचा पहिला पाऊस झाला आणि सिडकोत लाईटची ये-जा सुरू झाली, तेव्हापासून रोजचा वैताग. दुपारी तीन तास लाईट नाही म्हणजे टायमर तीन तास मागे. त्या रात्रीची भानगड यातलीच. खेळता खेळता लाईट गेली तर पिनही तिथेच थांबते, त्याची वेळ बुडत नाही, हे मात्र न्यायाचं आहे.

दुकानात गेलो तर उत्तर, "काका, हे असंच असतं, बॅटरीवाला डिजिटल घ्या, साडेनऊशे." म्हटलं, विकताना का नाही बोललात? तर म्हणे, "तुम्ही विचारलं नाही." बदलून द्या म्हटलं तर पिना वापरलेल्या! पिना वापरायच्या नाहीत तर काय ओवाळायच्या?

उपाय आहे. टायमर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्यायचा आणि सीपीयू साध्या लाईनवरच ठेवायचा. लाईट गेली तर चाक फिरत राहतं, गेम बंद. पण आमचा इन्व्हर्टरचा पॉइंट आतल्या खोलीत, आणि वायर ओढायचे इलेक्ट्रिशियन आठशे मागतो. टायमरपेक्षा वायर महाग! तोवर लाईट आली की मीच चाक बोटाने बाणाच्या दिशेने फिरवून वेळेवर आणतो. विसरलो तर सहाला नातू हाताला धरून नेतोच.

तुमच्याकडे कॉम्प्युटरजवळ इन्व्हर्टरचा पॉइंट असेल तर डोळे झाकून घ्या. नसेल तर डिजिटल बघा. मी आणखी साडेनऊशे घालणार नाही.