गोव्यात रोड बाइकसाठी पॉवर मीटर: डावा क्रँक की पेडल?

पॉवर मीटर, म्हणजे पेडल मारण्याची ताकद वॉटमध्ये मोजणारं यंत्र, घ्यायचं पक्कं झालं आणि बजेट बेताचं असलं, की गाडी दोन पर्यायांवर येऊन अडते. एक, फोरआइज किंवा स्टेजेससारखा डाव्या क्रँकवरचा (पेडल धरणाऱ्या दांड्यावरचा) मीटर. दुसरा, पेडलमधला, म्हणजे बहुतेकांसाठी फावेरोचा असिओमा. मॅजीनचा स्पायडरही आहे, म्हणजे क्रँक आणि चेनरिंग (पुढचं दातेरी चक्र) जोडणाऱ्या भागातला मीटर, आणि तो दोन्ही पायांचा जोर एकत्र मोजतो, पण त्यासाठी क्रँकसेट उतरवून चेनरिंगचं माप जुळवावं लागतं. क्रँकसेट तसाही बदलायचा असेल तर तो जरूर बघा. मी इथे उरलेल्या दोघांबद्दल लिहितो, कारण दोन्ही वापरून झाले आहेत.

आपल्याकडे वॉटचा आकडा विशेष कामाचा. मिरामार–दोनापावला पट्ट्यात खाडीवरचा वारा सुटला की वेगाला काही अर्थ उरत नाही, आणि एप्रिल-मेच्या दमट हवेत जोर तेवढाच लावला तरी हार्ट रेट वर वर जात राहतो. केरीहून चोर्ला घाट चढताना पहिल्या वळणांत आपण जास्त तर ओढत नाही ना, हे सांगणारा खरा आकडा वॉटचाच.

डाव्या क्रँकचा पहिला फायदा किंमत. दुसरा म्हणजे तो बसवला की विसरून जायचा. आपली पेडलं, आपले क्लीट (बुटाखाली बसणारे, पेडलमध्ये अडकणारे तुकडे) तेच राहतात. शिमानोच्या एसपीडी-एसएल क्लीटची सवय असलेल्यांना हे मोठं सुख आहे. सीआर२०३२ बॅटरी कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. घेण्याआधी चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) आणि क्रँकच्या मधली जागा तेवढी मोजून घ्या, कारण सेन्सर आतल्या बाजूला चिकटवलेला असतो.

तो फक्त डाव्या पायाचा जोर मोजतो आणि तोच दुप्पट करून दाखवतो, ही त्याच्यावरची नेहमीची तक्रार. हिशेब सोपा आहे. खरी पॉवर २०० वॉट असेल आणि त्यात डाव्या पायाचा वाटा ५२ टक्के असेल, तर स्क्रीनवर २०८ दिसतील. वाटा ४८ टक्के असेल तर १९२. हा फरक कायम एकसारखा राहिला तर सरावाला बाधा येत नाही, कारण एफटीपीही (साधारण तासभर टिकवता येणारी कमाल पॉवर) त्याच मीटरने काढलेली असते. पाय थकले की वाटा सरकतो, तिथे मात्र गोंधळ होतो. लांब राइडच्या शेवटच्या तासात माझे आकडे मला थोडे फुगलेले वाटायचे. प्रयोगशाळेतलं मोजमाप माझ्याकडे नाही, पायांना जे जाणवलं ते सांगतोय. पण एवढ्यावर मी मीटर बदलला नसता.

बदलायला लावलं ते पावसाळ्याने. गोव्यात जून ते सप्टेंबर चांगली बाइक बाहेर काढवत नाही. तांबडी माती चेनमध्ये जाते आणि खारी हवा उरलेलं काम करते. म्हणून मडगार्ड लावलेली जुनी बाइक वेगळी ठेवलेली आहे, आणि मीटर तिच्यावर न्यायचा तर क्रँक काढणं आलं. शिमानोच्या डाव्या क्रँकचे दोन पिंच बोल्ट आळीपाळीने सैल करायचे, दातेरी प्लास्टिकच्या चावीने प्रीलोड कॅप फिरवायची, मधली चिमुकली स्टॉपर प्लेट टोकाने उचलायची, मग क्रँक ओढायचा. बसवताना हेच उलट्या क्रमाने, प्लेटचा दात बरोबर भोकात बसलाय का ते बघत, बोल्ट आळीपाळीने १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे. काम अवघड नाही. पण मध्येच चार दिवस ऊन पडलं, रविवारी चांगल्या बाइकवर जावंसं वाटलं, की शनिवारी रात्री पुन्हा तेच. त्यातून दोन बाइकच्या क्रँकची लांबी वेगळी असेल, एकीवर १७० आणि दुसरीवर १७२.५, तर हा मार्गही बंद. मग पावसाळाभर मीटर घरात आणि आपण अंदाजाने पेडल मारतोय, तेही नेमकं बेस, म्हणजे मूळ दमसास, बांधायच्या दिवसांत.

पेडलं आठ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने निघतात आणि बहुतेक क्रँकवर चढतात. बाइक कंप्युटरमध्ये क्रँकची लांबी बदलायची, झिरो ऑफसेट घ्यायचा, म्हणजे मीटरचं शून्य जुळवायचं, झालं. ऑफसेट घेण्याआधी बाइक थोडा वेळ बाहेर उभी ठेवा. एसीच्या खोलीतून थेट दमट हवेत आणून लगेच घेतलेला ऑफसेट धातू तापला की सरकतो.

पेडलांच्याही कुरबुरी आहेत. असिओमाचे क्लीट लुक किओ पद्धतीचे, म्हणजे शिमानोवाल्यांना बूट नव्याने जुळवावे लागतात. शिमानोच्या पेडल बॉडीत बसणारा असिओमाचा प्रकार मिळतो, पण त्यात दोन्ही पाय बाजूला थोडे फाकतात, ते गुडघ्यांना मानवेल का ते आपलं आपण बघावं. रायबंदरहून दिवाडीची फेरी धरताना धक्क्याच्या ओल्या उतारावर या क्लीटवर चालणं जपूनच करावं लागतं. शिवाय चार्जिंग. एका चार्जमध्ये पन्नासेक तास निघतात, पण चार्ज करायचं लक्षात ठेवावं लागतं.

बाइक एकच असेल, ती बाराही महिने चालवत असाल आणि शिमानोचे क्लीट सोडायचे नसतील, तर डावा क्रँक घ्या, पैसे वाचतील. बाकीच्यांना मी पेडलंच सुचवेन. दोन्ही बाजूंचं एकदम परवडत नसेल तर एकाच बाजूचा असिओमा उनो आधी घेता येतो, उजवी बाजू पुढे सवडीने जोडता येते. बाहेरून मागवणार असाल तर कस्टम ड्यूटी धरूनच किमतीची तुलना करा, नाहीतर स्वस्त दिसणारी वस्तू दारात येईपर्यंत महाग पडते.

आणि पेडलं घेतलीत तर आट्यांना भरपूर ग्रीस लावा, दर काही आठवड्यांनी एकदा सैल करून पुन्हा बसवा. आपल्या खाऱ्या हवेत पेडलचा स्टीलचा स्पिंडल (आस) अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये असा धरतो, की मग तो कुठल्याच बाइकवर हलवता येत नाही.