तामियाचे अ‍ॅक्रिलिक आणि एलआरडीजीचा शेव्हरोले: सांगलीच्या हवेत हे रंग कसे वागतात

१/३५ मापातला एलआरडीजीचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या वाळवंटी तुकडीचा शेव्हरोले ट्रक (प्लॅस्टिकचं मॉडेल) रंगवण्यासाठी तामिया या जपानी मॉडेल-कंपनीचे एक्सएफ मालिकेतले मॅट अ‍ॅक्रिलिक रंग घ्यावेत का? एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) असेल तर जरूर घ्यावेत. सगळं काम कुंचल्यानेच करणार असाल, तर निदान मोठ्या भागांसाठी तरी घेऊ नयेत. एवढ्यावर हा आढावा संपत नाही. एकतर सांगली-मिरजेच्या हवेत हे रंग उन्हाळ्यात एक वागतात आणि पावसाळ्यात दुसरंच. शिवाय बाटलीवर ‘डेझर्ट यलो’ लिहिलंय म्हणून आतला रंग ब्रिटिश गाड्यांचा होत नाही.

आधी गाडीबद्दल, कारण रंगाची परीक्षा तिच्यामुळेच होते. मेजर राल्फ बॅगनॉल्ड यांनी १९४० मध्ये इजिप्तमध्ये लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला तेव्हा हाताशी शेव्हरोलेचे डब्ल्यूबी ट्रक होते. १९४१ मध्ये फोर्ड एफ-३० आले. ते चारही चाकांवर चालणारे, पण पेट्रोल फार पिणारे होते. १९४२ च्या सुरुवातीला कॅनडात बनलेला शेव्हरोले १५३३एक्स२ आला. हा तीस हंड्रेडवेटचा, म्हणजे सुमारे दीड टन ओझं वाहणारा ट्रक, आणि तामियाचा सत्तरच्या दशकातला संच त्याचाच. ओढ फक्त मागच्या चाकांना, त्यामुळे पुढच्या आसाला डिफरन्शिअलचा (चाकांना ओढ वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा नसतो. फोर्डचे फोटो समोर ठेवून बांधणारे तो लावून बसतात.

या ट्रकला दरवाजे नाहीत, टप नाही, नेहमीची काचही नाही. रेडिएटर समोरून उघडा. म्हणजे केबिनची फळी, सीटची पाठ, डॅशबोर्ड, स्टीअरिंगचा दांडा, हौद्याच्या आतल्या कडा, सगळं नजरेसमोर. बंद रणगाड्यात आतला रंग कसाही लागला तरी चालून जातं, इथे चालत नाही. आधी चॅसी आणि इंजिन, मग केबिनची फळी आणि सीट सुटे, मग रिकामा हौदा, चाकं वेगळी, आणि शेवटी सामान, या क्रमानेच रंगवावं. हौदा चिकटवून सामान भरल्यावर फवारा कोपऱ्यांत पोचत नाही. मग तिथे कुंचला घालावा लागतो आणि दोन छटा स्पष्ट दिसतात.

आता छटेविषयी. एक्सएफ-५९ डेझर्ट यलो सरळ बाटलीतून मारला तर गाडी मातकट आणि जड दिसते. एक्सएफ-६० डार्क यलो हा जर्मन गाड्यांचा रंग, तो इथे नकोच. ब्रिटिशांचा ‘लाइट स्टोन’ तेव्हाच्या यादीत ६१ क्रमांकावर होता आणि नंतरच्या बीएस ३८१सी या ब्रिटिश प्रमाणित रंगतक्त्यात तो ३६१ झाला. त्या तक्त्याशी जुळवायला सुरुवातीचं प्रमाण असं ठेवावं: एक्सएफ-५९ सहा भाग, एक्सएफ-२ पांढरा तीन भाग, एक्सएफ-३ पिवळा अर्धा भाग. लहान मापावर कुठलाही रंग मूळपेक्षा गडद भासतो. हा पांढरा त्याचाही हिशोब धरतो, वेगळा घालू नये. गुलाबी छटा हवी असेल तर पांढरा सहा, एक्सएफ-५९ तीन, आणि एक्सएफ-७ लाल थेंबाथेंबाने. लाल फार जोरकस आहे. एकदा जास्त पडला की पांढरा ओतत बसावं लागतं आणि सगळी बाटली त्यातच जाते. मिश्रण एकदाच करून झाकणाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवावं. दुसऱ्यांदा तेच प्रमाण मोजून घेतलं तरी छटा तंतोतंत येत नाही. अख्ख्या ट्रकला न पातळ केलेला रंग चार-पाच मिली पुरतो, म्हणजे १० मिलीच्या एका बाटलीत आधाराचा रंग भागतो.

पातळ करायला तामियाचंच एक्स-२०ए उत्तम. एक भाग रंगाला एक ते दीड भाग थिनर, पातळ ताकाइतकं. नोझल ०.३ मिलिमीटर, दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर आठ-दहा सेंटिमीटर. पहिला थर धुक्यासारखा, प्लॅस्टिक अजून दिसतंय इतपत. मग दोन ओलसर थर. एक्स-२०ए संपलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. हात धुण्याचं सॅनिटायझर मात्र चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन रंग सुकूच देत नाही. ड्युको कामाचं एनसी थिनर इथल्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं म्हणून काहीजण तेच घालतात. त्याने रंग गुळगुळीत बसतो हे खरं, पण ओलसर थर पडला की खालच्या पॉलिस्टायरीनवर (मॉडेलच्या प्लॅस्टिकवर) ओरखड्यासारखी जाळी उठते. नवशिक्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

आता हवा. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला भिडतो, तेव्हा अल्कोहोल फवाऱ्यातच उडून जातं. रंगाचे कण हवेतच सुकतात आणि बॉनेटवर बारीक रवाळ पृष्ठभाग तयार होतो. सुईच्या टोकावरही रंग सुकून फवारा तुटक होतो. यावर तामियाचं पेंट रिटार्डर (रंग सावकाश सुकू देणारं द्रव्य) थेंबभर, थिनर थोडं जास्त, अंतर थोडं कमी, आणि काम सकाळी आठच्या आत. पावसाळ्यात अडचण उलटी. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साठतं आणि ऐन वेळी ठिपका होऊन उडतं. ओलावा धरणारी बाटली नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये फवारूच नये. शिवाय अल्कोहोल उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि मॅट रंगावर पांढुरकी झाक येते. खोक्यात चाळीस वॉटचा पिवळा बल्ब लावून भाग आधी कोमट करून घ्यावेत आणि रंगवल्यावरही तिथेच ठेवावेत. बल्ब आणि प्लॅस्टिक यांत वीतभर अंतर हवं, नाहीतर मडगार्ड वाकतं.

कुंचल्याच्या बाबतीत हे रंग खरोखर कमी पडतात. दुसरा हात फिरवला की त्यातलं अल्कोहोल खालचा थर विरघळवतं आणि कुंचल्यामागे रंग सोलून येतो. अख्खा दिवस सुकू दिलं तरी मोठ्या सपाट भागावर रेषा राहतातच. म्हणून सामानासाठी, म्हणजे पेट्या, गुंडाळलेल्या वळकट्या, पाण्याचे डबे आणि लुईस गनचा लाकडी दस्ता यांसाठी, व्हॅलेहो कंपनीचे पाण्यातले रंग वापरावेत. ते कुंचल्याने सुरेख बसतात. दोन्ही रंग एकमेकांत मिसळू नयेत. व्हॅलेहोत अल्कोहोल गेलं की त्याचा चिकट गोळा होतो आणि तो एअरब्रशमधून काढणं फार जिकिरीचं असतं. टायरला मात्र तामियाचा एक्सएफ-८५ रबर ब्लॅक चांगला, निव्वळ काळ्यापेक्षा कितीतरी खरा.

मॅट रंगावर थेट डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा) बसवले तर खाली हवा अडकून चंदेरी चकाकी येते. आधी त्या जागी एक्स-२२ चकचकीत थर, मग डिकॅल, मग एक्सएफ-८६ मॅट. एक्स-२१ फ्लॅट बेस (चमक मारणारं द्रव्य) घालून स्वतःचं मॅट बनवण्याचा मोह टाळावा. प्रमाण जरा वाढलं की भाग बर्फ पडल्यासारखे पांढरे होतात. वॉशसाठी (खाचाखोचांत झिरपवायच्या पातळ गडद रंगासाठी) तैलरंग आणि घररंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन घ्यावं. सुकलेल्या अ‍ॅक्रिलिकला ते धक्का लावत नाही. गंज अगदी बेतानेच दाखवावा. कोरड्या हवेत तो हळू चढतो, उडती वाळू रंगच घासून काढते, त्यामुळे मडगार्डच्या पुढच्या कडांना उघडं धातू शोभतं, लाल ओघळ शोभत नाहीत. ब्रिटनच्या इंपीरिअल वॉर म्युझियमच्या संग्रहात वाळवंटातून आणलेला ‘वायकाहा’ हा डब्ल्यूबी ट्रक आहे. त्याचे फोटो जरूर अभ्यासावेत.

तामियाचाच हिरव्या झाकणाचा एक्स्ट्रा थिन सिमेंट सोबत घ्यावा. भाग आधी जोडून धरायचे आणि कुंचला सांध्याला टेकवायचा, ग्लू आपोआप आत धावतो. बोट सांध्यावर असेल तर त्याखालीही धावतो आणि ठसा कायमचा उमटतो. त्यात अ‍ॅसिटोन असल्याने उन्हाळ्यात बाटली उघडी राहिली तर ग्लू झपाट्याने उडून जातो.

बाकीच्या बऱ्याच वस्तू इथेच मिळतात, आणि त्या या रंगांशी छान जुळतात. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या दुकानातली ०.३ मिलिमीटरची पोलादी तार मापात साडेदहा मिलिमीटरची सळई होते. वायरलेसच्या ट्रकची एरियल करायला आणि रेडिएटरच्या झाकणाला बांधणी दाखवायला ती चांगली. तारेवर प्रायमर हवाच, नाहीतर रंग नखाने निघतो. रुतलेल्या चाकाखाली घालायच्या लोखंडी पट्ट्या सुमारे पाच फूट लांब, म्हणजे इथे साडेत्रेचाळीस मिलिमीटर. त्या शीतपेयाच्या कॅनच्या पत्र्यातून कापाव्यात. जेरीकॅन १३.४ × ९.९ × ४.७ मिलिमीटर भरला पाहिजे, संचातले डबे मोजून बघावेत. रेडिएटरची वाफ एका नळीने बाजूच्या पाण्याच्या डब्यात जायची, तिथे तिचं पाणी व्हायचं आणि इंजिन थंड झालं की ते परत ओढलं जायचं. ही नळी ट्रकचा प्राण होती. ती विसरली तर मॉडेल अपुरं. डॅशबोर्डवर बॅगनॉल्डच्या सूर्य-होकायंत्राची सुमारे दोन मिलिमीटरची चकती आणि मधोमध उभी सुई लावावी.

धुळीसाठी कृष्णेची वाळू वापरू नये. अर्ध्या मिलिमीटरचा कण मापात साडेसतरा मिलिमीटरचा खडा होतो. जत-आटपाडीकडचा मुरूम छटेनेच चुकतो, लिबियाची धूळ त्यापेक्षा बरीच फिकी. वस्त्रगाळ मुलतानी माती आणि पांढरी रांगोळी निम्मी-निम्मी, आयसोप्रोपिलमध्ये कालवून चाकांवर आणि पायरीवर लावावी. सुकल्यावर मऊ कुंचल्याने जास्तीची झटकावी. वर मॅट वार्निश मारलं तर ती गडद होते, म्हणून ही पायरी सगळ्यात शेवटची.

खुणांबद्दल एक आग्रह. सातारा-सांगलीच्या घराघरांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची आठवण आहे, आणि तिची दुसरी पलटण जून १९४२ मध्ये तोब्रुकला शत्रूच्या हाती सापडली, हा आपल्याकडचा इतिहास. म्हणून काहींना या ट्रकवर मराठ्यांची खूण रंगवावीशी वाटते. ती रंगवू नये. त्या पलटणीला हा ट्रक नव्हता. एलआरडीजीच्या जोडीने काम केलेलं भारतीय दल म्हणजे इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन. त्याच्या टोळ्या जाट, राजपूत, शीख आणि मुसलमान जवानांच्या. न्यूझीलंडच्या टोळ्यांच्या ट्रकांवर टोळीच्या अक्षराने सुरू होणारी माओरी नावं असत. टी टोळीचं नाव आर टोळीच्या ट्रकवर जाऊ नये. मराठा पलटणीसाठी मॉडेल करायचं असेल तर पंधरा हंड्रेडवेटचा पायदळाचा ट्रक निवडावा. वर दिलेलं लाइट स्टोनचं मिश्रण त्यालाही लागू पडतं.

रंग मागवताना एक्सएफ-५९ एक, एक्सएफ-२ दोन, एक्सएफ-३, एक्सएफ-७, एक्सएफ-८५, एक्सएफ-८६, एक्स-२२ आणि एक्स-२०ए ची मोठी बाटली, एवढं एका ट्रकला भरपूर झालं. थिनर आणि सिमेंट ज्वालाग्राही असल्याने बरेच कुरिअर ते विमानाने नेत नाहीत. पुण्या-मुंबईहून रस्त्याने यायला दिवस लागतात, त्यामुळे ते आधी मागवावेत. बाटली आली की झाकणाची आतली कडा अल्कोहोलने पुसून, घट्ट लावून उभी ठेवावी. कडेवर सुकलेला रंग राहिला तर झाकण नीट बसत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आत कोरडी खपली उरते.