नवी एअर रायफल आणि उजवीकडे जाणारा छर्रा: एक परीक्षण

भारतीय बनावटीची आणि हवेच्या सिलिंडरवर चालणारी ही १० मीटर पीप साईट (बारीक छिद्रातून नेम धरायची) एअर रायफल आम्ही मुलीसाठी पुण्यातील एका दुकानातून घेतली. परदेशी रायफलींपेक्षा तिची किंमत बरीच कमी आहे, त्यामुळे नुकत्याच स्पर्धांना उतरू लागलेल्या मुलांच्या पालकांची नजर प्रथम अशाच रायफलीकडे जाते. कंपनी आणि दुकान यांची नावे येथे देत नाही, कारण असा दोष कोणत्याही नव्या रायफलीत निघू शकतो आणि तो शोधण्याची रीत सगळीकडे सारखीच आहे. माझे मत आधीच नोंदवतो: नळी उत्तम, ट्रिगर समाधानकारक, सुट्या भागांची जोडणी मात्र निष्काळजी.

दोष पहिल्याच सरावात दिसला. रिअर साईट, म्हणजे नेम धरण्याची डोळ्याजवळची मागची साईट, मध्यावर ठेवून मारलेले छर्रे एकमेकांना लागून पडत होते, पण तो सगळा ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांच्या छिद्रांचा पुंजका, केंद्राच्या सुमारे १२ मिलिमीटर उजवीकडे होता. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरने बाहेर सरकते; म्हणजे नेम अचूक धरूनही मुलीच्या वाट्याला सहा गुण येत होते. साईट डावीकडे फिरवत ग्रुप केंद्रात आणता आला, परंतु तोवर त्या बाजूचे क्लिक, म्हणजे साईट सरकवण्याचे टप्पे, जवळजवळ संपले होते. दुकानदारांचे म्हणणे असे पडले की, "साहेब, नवीन रायफल आहे, सेट व्हायला थोडा वेळ द्या." नव्या नळीतून सुरुवातीचे काही छर्रे थोडे इकडेतिकडे जातात हे खरे आहे; पण ते विखुरतात, एकाच बाजूला एकाच अंतरावर शिस्तीने जात नाहीत.

या फरकातच निदानाचे मर्म आहे. या प्रकारच्या रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने निघतो आणि १० मीटर जाईपर्यंत जेमतेम १७-१८ मिलिमीटर खाली येतो. हवेचा दाब किंवा तो एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर यांत बिघाड असेल, तर वेग बदलून छर्रे वर-खाली होतील. ग्रुप फाटत असेल, तर छर्ऱ्यांचा डबा, नळीचे तोंड किंवा सैल स्क्रू यांवर संशय घ्यावा. घट्ट ग्रुप कायम एकाच बाजूला जात असेल, तर नळीची रेषा आणि नजरेची रेषा एकमेकींशी जुळलेल्या नाहीत, असे समजून पुढची तपासणी करावी.

रायफलला दोष देण्यापूर्वी नेमबाजाला बाजूला काढणे आवश्यक असते. बालेवाडीच्या रेंजवर मुलीच्या प्रशिक्षकांनी रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, एकाच डब्यातील छर्रे वापरून, आधी स्वतः मारली आणि मग दुसऱ्या एका मुलाला मारायला दिली. ग्रुप त्याच जागी पडला. (स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले, त्यामागचा अनेक वर्षांचा सराव याच बालेवाडीतला, येथील प्रशिक्षकांच्या नजरेवर माझा विश्वास आहे.) त्यानंतर त्यांनी स्टॉकचे (खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याचे) स्क्रू आणि दोन्ही साईटचे स्क्रू ऍलन कीने तपासले. एकही सैल नव्हता. रिअर साईट ठरावीक क्लिक वर, उजवीकडे, खाली आणि डावीकडे फिरवून पुन्हा मूळ जागी आणली, तेव्हा छर्राही मूळ जागी परतला. म्हणजे साईटची यंत्रणा निर्दोष होती. एवढे झाल्यावर नळीच्या टोकाकडची पुढची, म्हणजे फ्रंट साईट तपासायची राहिली.

तिची परीक्षा पाहण्यासारखी होती. टार्गेटच्या जागी ओळंबा सोडला, रिअर साईट जिच्यावर बसते त्या पट्टीवर छोटी पाणसळ ठेवून रायफल अगदी समतल केली आणि पीपमधून पाहिले. फ्रंट साईटच्या रिंगला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या आडव्या दांड्या ओळंब्याच्या दोरीशी काटकोन करत नव्हत्या. त्या किंचित, पण नजरेला खुपेल इतक्या, डावीकडे कललेल्या होत्या. आतली रिंगच वाकडी बसली असेल, म्हणून ती काढून पुन्हा बसवली. कल तसाच राहिला. मग फ्रंट साईटचा ब्लॉक उतरवला, तेव्हा तो जिथे बसतो त्या खाचेच्या एका कडेला नखाला स्पष्ट लागेल अशी धातूची बारीक धार राहून गेलेली सापडली. यंत्रावर कापल्यानंतर ती घासून काढलीच नव्हती. तिच्यामुळे ब्लॉक एका बाजूने उचलला जाऊन नळीभोवती डावीकडे फिरला होता.

एवढ्याशा धारेने एवढा फरक पडेल का, ही शंका मलाही होती. परंतु हिशेब चोख जुळतो. या रायफलीत दोन साईटमधले अंतर सुमारे ७०० मिलिमीटर आणि नळीच्या मध्यापासून साईटची उंची सुमारे ५० मिलिमीटर आहे. ब्लॉक केवळ एक अंश फिरला, तरी साईट बाजूला जवळपास ०.९ मिलिमीटर सरकते आणि १० मीटरवर त्याचे १२ मिलिमीटरहून थोडे अधिक होतात. फ्रंट साईट डावीकडे गेली की छर्रा उजवीकडे जातो, हेही आमच्या टार्गेटशी तंतोतंत जुळत होते. नळीच वाकडी नाही ना, हे पाहण्यासाठी भोसरीतील एका परिचित टूलरूममध्ये ती व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या आधारावर) ठेवून डायल (बारीक फरक मोजणारे मापक) लावून पाहिली. नळी सरळ होती.

"क्लिक शिल्लक आहेत, मग फिरवून घ्या," असा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो आणि मला तो मान्य नाही. कललेली फ्रंट साईट डोळ्याला सरळ दिसावी म्हणून नेमबाज नकळत रायफलच तिरपी धरतो, पीप मध्यापासून दूर गेल्याने गालाची जागा बदलते, आणि शिकणाऱ्या मुलांच्या अंगी हीच चुकीची ठेवण मुरते. ती पुढे मोडायला रायफल दुरुस्त करण्यापेक्षा कितीतरी जास्त कष्ट पडतात.

कंपनीच्या सेवेबद्दल मात्र चांगलेच लिहावे लागेल. छायाचित्रे आणि टार्गेट पाठवल्यावर वाद न घालता त्यांनी रायफल परत मागवली, खाच साफ करून नवा ब्लॉक बसवला आणि स्टॉकचे स्क्रू किती आवळायचे हेही कळवले. ही माहिती पुस्तिकेत छापलेली असायला हवी होती. आता रिअर साईट मध्यापासून दोन-चार क्लिकवर असताना ग्रुप केंद्रात पडतो. या किमतीत मी ही रायफल घ्यायला सुचवेन, मात्र दुकानदार पैसे घेण्यापूर्वी ती टेबलावर टेकवून, रिअर साईट मध्यावर ठेवून मारू देत असेल तरच. चीक पीसच्या (गाल टेकवायच्या भागाच्या) खुंटीत अजून थोडी हालचाल आहे आणि तिच्यासाठी कंपनीकडे नवा स्क्रू मागितला आहे.