बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन: स्टेरॉइड द्यावं की नाही?

"सिस्टर, थे इस्टेरॉइड नोका देऊ म्हना न डॉक्टरले. आमच्या बुढीचं तोंड कसं सुजलं होतं, पायलं न तुमी?"

सात महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन बाप बोलत होता. हृदयात जन्मतः छिद्र. आरबीएसकेच्या (मुलांची आरोग्य तपासणी करणारा सरकारी कार्यक्रम) पथकाला अंगणवाडीतल्या तपासणीत सापडलेलं. नागपूरच्या ऑपरेशनची तारीख आठ दिवसांवर आली होती. मी आता यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात आहे, पण आधी नऊ वर्षं लहान मुलांच्या हृदयाच्या आयसीयूत ड्यूटी केली, म्हणून असे प्रश्न माझ्याकडे येतात.

बुढीनं सांधेदुखीसाठी महिनोन्महिने गोळ्या खाल्ल्या होत्या. बाळाला मिळतो तो बहुधा एकच मोठा डोस, तोही ऑपरेशनच्या वेळी. ऑपरेशननंतर बाळाच्या पापण्या फुगलेल्या दिसतात, डोळे उघडत नाहीत, आणि आया घाबरून दाराशीच थांबतात. ती सूज स्टेरॉइडची नसते. हृदय थांबवून काम करताना रक्त हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांतून फिरतं. प्लास्टिकला लागलेलं रक्त शरीराला शत्रूसारखं वाटतं, सगळीकडे दाह उठतो, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. फुप्फुसं जड होतात, हृदयाचा जोर कमी पडतो. हा दाह दाबायलाच स्टेरॉइड देतात.

म्हणजे द्यायच्या बाजूनं कारण पक्कं आहे. पण कारण पक्कं असलं म्हणजे गुण येतोच असं नाही. अमेरिकेतल्या २४ केंद्रांत एक वर्षाखालच्या सुमारे १२०० बाळांवर मोठा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या मशीनमधल्या द्रवात मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घातलं, किलोमागे ३० मिलिग्रॅम. सहा किलोच्या बाळाला १८० मिलिग्रॅम. उरलेल्यांना नुसतं औषधासारखं दिसणारं पाणी. मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंती मोजल्या तेव्हा कल थोडा स्टेरॉइडकडे दिसला, पण खात्रीनं फायदा म्हणावा इतका नाही. त्याआधी २०२० मध्ये चीन, ब्राझील आणि रशियातल्या ३९४ बाळांवर डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचा अभ्यास आला. गंभीर त्रास औषध दिलेल्यांत न दिलेल्यांपेक्षा थोडा कमी दिसला. आकडा बरा वाटतो, पण एवढ्या कमी बाळांत तो फरक योगायोगानंही पडू शकतो.

न द्यायच्या बाजूनं सगळ्यात ठोस गोष्ट साखरेची. अमेरिकेतल्या अभ्यासात स्टेरॉइड मिळालेल्या शंभरातल्या १९ बाळांना वाढलेल्या साखरेसाठी इन्सुलिन लागलं, न मिळालेल्यांत जेमतेम सात. हे काम आम्ही रात्रभर करायचो: धमनीतल्या नळीतून थेंबभर रक्त, पट्टीवर आकडा, तासाभरानं परत. चांगल्या आयसीयूत साखर आटोक्यात येते, पण तासातासाला बघणारं माणूस लागतं. जंतुसंसर्गाची भीतीही डॉक्टर मनात धरतात.

माझं स्पष्ट मत: या एका डोससाठी ऑपरेशन लांबवू नका, दवाखाना बदलू नका. सर्जनची टीम ज्या पद्धतीत मुरलेली आहे, तीच तुमच्या बाळासाठी बरी. देणार असतील तर एवढंच विचारा, "साखर किती वेळानं बघता?" आणि ऑपरेशननंतर बीपी धरतच नाही म्हणून हायड्रोकॉर्टिसोन (हेही स्टेरॉइडच) सुरू केलं, तर तो वेगळा प्रसंग आहे. तिथे अडवू नका.

लसीचंही लोक विचारतात. एका डोसमुळे लस अडत नाही. मात्र ऑपरेशनमध्ये रक्त किंवा प्लाझ्मा चढवला असेल तर गोवर-रुबेलाची लस काही महिने पुढे ढकलावी लागू शकते. डिस्चार्जच्या कागदावर तारीख लिहून मागा आणि तो कागद आशाताईंना दाखवा.

त्या बापाला मी एकच उलटा प्रश्न केला: बाळाला दम-खोकल्यासाठी गावात काही थेंब, पुड्या चालू होत्या का? होत्या, तीन आठवडे. अशा औषधात स्टेरॉइड असेल तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावतं, आणि ऑपरेशनच्या ताणात बीपी कोसळू शकतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळायलाच हवं. औषध आपल्या मनानं एकदम बंदही करायचं नाही. बाटलीवरचं नाव पुसलं गेलं होतं. तरी ती बाटली मी त्याला फाइलच्या पिशवीत टाकायला लावली.