मीटिंग रूमच्या दारावरचा लाल दिवा: एलडी२४१०सी घ्यावा का?

आत चारजण लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेत आणि दारावर ‘खोली रिकामी’ सांगणारा हिरवा दिवा आहे, म्हणजे तिथे पीआयआर सेन्सर (उष्णतेवरून हालचाल ओळखणारा) लावलाय हे नक्की. बाहेरचा दार ढकलतो आणि ‘सॉरी, सॉरी’ करत मागे फिरतो. एचसी-एसआर५०१ हा पीआयआर सेन्सर स्वस्त आहे, पण त्याला माणूस कळत नाही, समोरच्या उष्णतेतला बदल कळतो. माणूस गप्प बसला की त्याच्या लेखी खोली रिकामी. वेळेचा स्क्रू फिरवून पाच मिनिटांवर नेला, तर सगळे निघून गेल्यावरही दिवा लालच राहतो.

एलडी२४१०सी हे २४ गिगाहर्ट्झचं रडार मॉड्यूल. बसल्या माणसाची छाती श्वासाने हलते, तेवढी हालचालही त्याला पुरते. पल्ला साधारण सहा मीटर, कोन दोन्ही बाजूंना साठ-साठ अंश. आठ-दहा जणांच्या खोलीला एक पुरे. ‘सी’ हे अक्षर मात्र दुकानात ठासून सांगा. साध्या आणि ‘बी’ प्रकाराच्या पिना १.२७ मिलिमीटर अंतरावर असतात, नेहमीच्या जंपर वायरी त्यात बसत नाहीत, ‘सी’ला २.५४ चं अंतर आहे.

बाकी सामान: ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर), प्रत्येक एलईडीला वेगळा रंग देता येणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बी पट्टीचे आठ एलईडी, ३३० ओहमचा रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पाच व्होल्ट दोन अँपिअरचा चार्जर आणि पीव्हीसीचा सरफेस बॉक्स. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत फिरलात तर सगळं साधारण हजार-बाराशेत बसतं. चार्जरवर पैसे वाचवू नका. गचाळ सप्लायच्या खरखरीने रडारला रिकाम्या खोलीत भुतं दिसतात. बॉक्स धातूचा तर अजिबात नको, लहरी बाहेरच पडणार नाहीत.

जोडणी सोपी आहे. मॉड्यूलला पाच व्होल्ट आणि ग्राउंड द्या, त्याची टीएक्स (पाठवणारी) पिन बोर्डाच्या जीपीआयओ १६ या पिनेला, आरएक्स (घेणारी) १७ ला. बोर्डाचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या ईएसपीहोम या सॉफ्टवेअरमध्ये एलडी२४१० चा घटक तयार आहे. यूएआरटीचा (या सिरियल जोडणीचा) वेग २,५६,००० बॉड ठेवा. घरात पडलेला ईएसपी८२६६ वापरण्याचा मोह होतो, पण त्यावरच्या सॉफ्टवेअर सिरियलला (प्रोग्रॅमने चालवलेल्या सिरियल जोडणीला) हा वेग झेपत नाही. पट्टीची डेटा वायर रेझिस्टरमधून जीपीआयओ ४ ला, कपॅसिटर पट्टीच्या पाच व्होल्टवर. पहिलाच एलईडी लुकलुकला तर दोष पट्टीचा नसतो: पाच व्होल्टवर तिला साडेतीन व्होल्टचा सिग्नल लागतो, ईएसपी३२ देतो ३.३. पट्टीच्या पॉझिटिव्ह वायरीत एक १एन४००७ डायोड टाका, तिचा व्होल्टेज थोडा उतरतो आणि काम भागतं.

खरा वेळ जातो तो सेटिंगमध्ये, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मॉड्यूल अंतराचे पाऊण-पाऊण मीटरचे टप्पे पाडतं, ० ते ८. प्रत्येक टप्प्याला हालचालीची आणि स्थिर माणसाची वेगळी ‘सेन्सिटिव्हिटी’ देता येते (० आणि १ च्या टप्प्यांना स्थिरची नाही). नाव फसवं आहे: आकडा वाढवला की सेन्सर तिखट होत नाही, उलट बोथट होतो. तो खरं तर उंबरठा आहे; १०० टाकलं की तो टप्पा आंधळाच. बारा फुटी खोली असेल तर टप्पा ४ च्या पुढचं सगळं आधी बंद करा. मग इंजिनिअरिंग मोड लावून खोली रिकामी करा, एसी आणि पंखा चालू ठेवा, आणि दहा मिनिटं प्रत्येक टप्प्यावर दिसणाऱ्या सिग्नलचे आकडे बघा. सर्वांत मोठा आकडा आला त्याच्यावर दहा-पंधरा ठेवून उंबरठा बांधा. पंखा बंद ठेवून केलेलं सेटिंग मार्चअखेर बाराच्या भावात जातं. एसीच्या झोतात हलणाऱ्या उभ्या पट्ट्यांच्या ब्लाइंड्सही रडारला माणसासारख्याच वाटतात.

सेन्सरच्या जागेचं म्हणाल तर दाराच्या वर, आतल्या बाजूला, तोंड खोलीकडे. काच आणि जिप्सम बोर्डमधून या लहरी आरपार जातात, त्यामुळे पॅसेजकडे तोंड केलेला सेन्सर चहा आणायला निघालेल्या प्रत्येकाला मीटिंगमध्ये बसवतो. मॉड्यूलचा स्वतःचा उशीर पाच सेकंदांचा असतो. ईएसपीहोममध्ये बंद होण्याआधी आणखी ६० ते ९० सेकंद द्या, म्हणजे दिवा सारखा उघडझाप करणार नाही.

किती माणसं आहेत हे मात्र हा सेन्सर सांगत नाही, आणि बुकिंगचंही त्याला काही कळत नाही. फरशी पुसणाऱ्या मावशी आत असल्या तरी लालच. बोर्डाला वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं चालतं, तेव्हा आयटीवाल्यांना आधी विचारा. दिव्याचा निर्णय बोर्डावरच घ्या, सर्व्हरवर सोपवू नका. नेटवर्क पडलं तरी दारावरचा दिवा खरं बोलला पाहिजे. मॉड्यूलचं ब्लूटूथ सेटिंगनंतर बंद करा, कारण मूळ पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि लाल-हिरवा असा भेद ठेवू नका. ज्यांना हे दोन्ही रंग सारखेच दिसतात असे लोक प्रत्येक मोठ्या ऑफिसात असतात. खोलीत कोणी असेल तर आठही एलईडी लाल, नसेल तर कडेचा एकच मंद पांढरा, हे दुरूनही कळतं.