कोकणात बाहेर बसून चित्र काढायचं तर काय घ्यावं: पेन्सिल, शाई, कोळसा की जलरंग?

चित्रकलेच्या साहित्याबद्दलचे बहुतेक सल्ले कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी दिलेले असतात. आपल्याकडे रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पाऊस नसतो तेव्हाही खारी, दमट हवा घरात शिरतेच. त्यामुळे ‘कुठले रंग चांगले’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुठल्या महिन्यात काढणार, कुठे बसून काढणार आणि कशावर काढणार?

माझं मत आधीच सांगून टाकते. हाताशी थोडेच पैसे असतील तर त्यातला मोठा वाटा कागदावर घाला. सुरुवात पेन्सिल आणि न पुसल्या जाणाऱ्या शाईच्या पेनाने करा. जलरंग दसऱ्यानंतर घ्या. कोळसा घरातल्या कामासाठी ठेवा, तो जेटीवर नेऊ नका.

कागद आधी

कागदाला बनवताना जिलेटिनचा किंवा तशाच एखाद्या पदार्थाचा लेप देतात, त्याला सायझिंग म्हणतात. रंगाचं पाणी काही वेळ कागदाच्या वर थांबतं ते या लेपामुळे. कागद महिनोन्‌महिने ओलीत पडून राहिला की हा लेप निकामी होतो. मग ब्रश टेकवला की रंग टीपकागदावर पडल्यासारखा आत शिरतो, धुवट, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, लावताना मध्येच गडद ठिपके उमटतात आणि चित्र काढणाऱ्याला वाटतं आपलाच हात वाईट. कोकणात जलरंग सोडून दिलेल्या किती जणांचा दोष खरं तर कपाटातल्या कागदाचा असेल, याचा मी नेहमी विचार करते.

म्हणून जलरंगाचा कागद थोडाथोडा घ्यावा. मोठा गठ्ठा स्वस्त पडतो, पण एका पावसाळ्यात तो खराब होऊ शकतो. कागद भिंतीला टेकवून ठेवू नका, जांभ्याच्या भिंतीतून ओल झिरपते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाका. ओल शोषल्यावर रंग बदलणारे दाणे मिळाले तर तेच घ्या. ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात.

आता कुठला कागद? पेन्सिल आणि पेनासाठी १४० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला १४० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा कार्ट्रिज, म्हणजे साधा चित्रकलेचा कागद पुरतो. त्यावर पाणी लावलं की लाटा येतात, म्हणून रंगासाठी तो घेऊ नये. जलरंगासाठी ३०० जीएसएम हवाच. त्यात लाकडाच्या लगद्याचा आणि कापसाचा हे दोन प्रकार. लगद्याच्या कागदावर रंग वरवर राहतो. चुकलं तर ओल्या ब्रशने सहज उचलता येतो, पण त्याच कारणाने दुसरा थर देताना खालचाही उठतो. कापसाच्या कागदात रंग मुरतो, तीन-चार थर निभावतात आणि पाणी सगळीकडे सारखं सुकतं. आर्श, फाब्रियानो आर्टिस्टिको किंवा सॉन्डर्स वॉटरफोर्ड हे १०० टक्के कापसाचे कागद महाग आहेत. ब्रुस्ट्रोचा २५ टक्के कापसाचा कागद शिकणाऱ्याला परवडणारा मधला मार्ग आहे. भारी कागद आणि विद्यार्थी दर्जाचे रंग ही जोडी भारी रंग आणि हलका कागद या जोडीपेक्षा कितीतरी जास्त साथ देते, हे मी ठामपणे सांगेन.

पेन्सिल आणि पेन, हर्णैच्या लिलावात

दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावर माशांचा लिलाव चाललेला असतो, मागे सुवर्णदुर्ग दिसत असतो. टोपल्या, वाकलेल्या बायका, बोली लावणारा, होड्यांवरचे झेंडे, आणि यातलं काहीच स्थिर नसतं. इथे पेन्सिल आणि पेन यांतला फरक लगेच कळतो.

पेन्सिलीने अंदाज घेता येतो. हलकी रेघ मारली, माणूस हलला, दुसरी रेघ त्यावरच मारली, तरी चालतं. पेन्सिलीचं लीड म्हणजे ग्रॅफाइट आणि माती यांचं मिश्रण. माती जास्त तर कठीण ‘एच’, ग्रॅफाइट जास्त तर मऊ ‘बी’. सबंध संच घ्यायची गरज नाही. एचबी, २बी आणि ६बी एवढ्यावर सगळं भागतं. दमट दिवसांत कागद मऊ पडतो आणि कठीण पेन्सिल त्यावर रेघ उमटवण्याऐवजी खाच पाडते, म्हणून पावसाळ्यात ‘एच’ बाजूच्या पेन्सिली घरीच ठेवा. अप्सरा किंवा कॅमलिनच्या पेन्सिलींनी काम नक्की होतं. स्टेडलरची लुमोग्राफ किंवा फाबर-कास्टेलची ९००० घेतली तर लीडमध्ये खडा लागत नाही आणि टोक कमी तुटतं, एवढा फायदा मिळतो. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. तो उन्हाने फिका होत नाही आणि पाण्याने विरघळत नाही. पावसाचे चार थेंब पडले तरी रेघ जागेवर राहते.

पेन्सिलीच्या दोन मर्यादा आहेत. गडद भाग चकाकतो, त्यामुळे बोटीच्या सावलीतला खरा काळा मिळत नाही. आणि घामेजलेला तळवा घासून चित्र धूसर होतं. हाताखाली एक कोरा कागद ठेवला की दुसरी अडचण जाते, पहिली जात नाही.

पेन निर्णय मागतं. सुरुवातीला भीती वाटते, पण गर्दी काढायला त्याच्याइतकं चांगलं शिक्षण नाही, कारण खोडायची सोय नसली की डोळा आधी बघतो आणि हात मागून चालतो. घेताना एकच गोष्ट तपासा, शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगद्रव्याची आहे का? सकुराचं पिग्मा मायक्रॉन, युनि पिन, स्टेडलरचं पिगमेंट लायनर यांची शाई सुकली की पाण्याला दाद देत नाही आणि वरून जलरंग लावता येतो. साधं जेल पेन बहुतेक वेळा पसरतं. बॉलपेनची शाई पाण्यात टिकते, पण भिंतीवर उन्हात लावलेलं चित्र काही वर्षांत फिकं होत जातं. सरावाला बॉलपेन उत्तम, लावून ठेवायच्या चित्राला नको.

पावसाळ्यात पेनाची शाईही सुकायला वेळ घेते. रेघ मारून लगेच रबर किंवा ब्रश फिरवला तर काळा फराटा उठतो. खरखरीत जलरंगाच्या कागदावर या पेनांची बारीक टोकं झिजतात, म्हणून रेषा आणि रंग एकत्र करायचे असतील तर गुळगुळीत, हॉट प्रेस कागद घ्या. बोरू किंवा टाक-निब आणि इंडियन इंक यांची रेघ फार देखणी असते, जाड-बारीक होत जाते. घरात जरूर वापरा. मात्र लाख मिसळलेली इंडियन इंक फाउंटन पेनात कधीही भरू नका; आत सुकली की पेन कायमचं तुंबतं.

हर्णैसाठी दोन्हींतलं एकच निवडायचं झालं तर मी पेन निवडेन. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मात्र २बी पेन्सिलच देईन.

कोळसा कुठे जिंकतो

जूनच्या पहिल्या आठवड्यात समुद्रावर जे मळभ दाटतं ते पेन्सिलीने भरत बसणं म्हणजे दुपार फुकट घालवणं आहे. कोळशाची कांडी आडवी धरून दोन-चार हात मारले की आभाळ उभं राहतं, बोटाने पुसलं की सर दिसते, मऊ पुटी रबराने उचललं की ढगातली फट उघडते. उजेड-अंधाराची समज यायला कोळशासारखं साधन नाही. मऊ जळक्या कांडीचा कोळसा सहज पुसला जातो. दाबून बनवलेला जास्त काळा असतो आणि हट्टीही. सुरुवातीला पहिलाच घ्या.

अडचण पुढे येते. कोळसा कागदावर नुसता टेकलेला असतो. किनाऱ्यावरचा वारा तो उडवतो, पुळणीतली वाळू घासते, घरी नेईपर्यंत निम्मं चित्र पिशवीला लागलेलं असतं. तो धरून ठेवायला फिक्सेटिव्ह फवारावं लागतं, आणि फिक्सेटिव्ह फार दमट हवेत फवारलं तर त्यावर पांढुरकी झाक येऊ शकते, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ तिथे धरते. भर पावसात फवारू नका. उघडीप मिळेपर्यंत चित्रावर बटर पेपर ठेवून ते सपाट ठेवा, आणि फवारताना दारं-खिडक्या उघड्या ठेवा. पडवीत बसून पाऊस काढणाऱ्याला कोळसा, भटकणाऱ्याला पेन्सिल, अशी माझी सरळ विभागणी आहे.

जलरंग

इथल्या उजेडाला जलरंगाइतकं जवळचं काही नाही. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम हळदणकर जलरंगात किती खोल अंधार रंगवत, ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या त्यांच्या हाती दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्रात दिसतं. जलरंग फिकेच असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी ते चित्र पाहावं.

वड्या घ्याव्यात की ट्यूब? दोन्हींत रंगद्रव्य आणि डिंकच असतो. प्रवासाला वड्यांचा छोटा पत्र्याचा डबा सोयीचा. मोठं आभाळ धुवट लावून काढायचं तर ट्यूब बरी, वडी घासत बसावं लागत नाही. पण पावसाळ्यात डबा ओला बंद केला की वड्यांवर बुरशी धरते, म्हणून काम झाल्यावर तो पंख्याखाली उघडा सुकवा. काही परदेशी कंपन्या, उदाहरणार्थ सेनेलिए, रंगात मध घालतात. कोरड्या प्रदेशात तो गुण आहे, आपल्याकडे मात्र तसे रंग डब्यात नीट घट्ट होत नाहीत आणि उभ्या डब्यात ओघळतात. कोकणात राहणाऱ्याने ते टाळावेत.

बारा रंगांपेक्षा सहा चांगले निवडा. जांभ्याला बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग जवळचा आहे, सावलीत त्यात थोडा अल्ट्रामरीन निळा. माडा-पोफळींचा हिरवा डब्यातला थेट लावला की चित्र प्लास्टिकचं दिसतं. थॅलो हिरव्यात तोच बर्न्ट सिएना मिसळा, आगराचा खरा गर्द हिरवा मिळतो. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असेल तर वाचा. पीआर ८३, म्हणजे जुना अलिझरिन क्रिमझन, उजेडात उडतो. कॅमलचे विद्यार्थी दर्जाचे रंग शिकायला ठीक आहेत, त्यांत रंगद्रव्य कमी असतं एवढंच. पुढे एकेक ट्यूब कलाकार दर्जाची घेत जा, सुरुवात निळ्यापासून करा.

ऋतूचा परिणाम जलरंगावर सगळ्यात जास्त होतो. जुलैत एक थर सुकायला इतका वेळ लागतो की दुसऱ्या थराची वाट बघताना संध्याकाळ होते, हेअर ड्रायर लावावा तर वीज गेलेली. तेव्हा ओल्यात ओला रंग सोडण्याची पद्धत शिका, ती पावसाळ्यात इतरांपेक्षा आपल्यालाच जास्त जमेल. मे महिन्याच्या उन्हात उलट होतं, धुवट अर्ध्यात सुकून कड धरते. मोठा ब्रश घ्या आणि सावलीत बसा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम.

समुद्राचं पाणी रंगाला वापरू नका. मीठ ओल धरून ठेवतं, रंग नीट सुकत नाही आणि सुकल्यावर डाग राहतात. बाटलीभर गोडं पाणी न्यावं. ब्रश सिंथेटिक, गोल, आठ आणि बारा नंबरचे दोन पुरतात. ओले ब्रश बंद नळीत ठेवले की त्यांनाही बुरशी येते.

कातळावर जाणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, राजापूर भागातल्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली, तेव्हापासून तिथे चित्रवह्या घेऊन जाणारे वाढावेत असं मला मनापासून वाटतं. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या अंगात इतर प्राणी कोरलेले आहेत. तो समजून घ्यायला हाताने काढण्यासारखा मार्ग नाही. इथे मी फक्त पेन्सिल सुचवेन. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जा, तिरप्या उजेडात खाच दिसते. रेषांवर खडू फिरवू नका, पाणी ओतू नका, कागद ठेवून कोळसा घासू नका. त्याने दगड झिजतो.

एलिमेंटरी-इंटरमीजिएटवाल्यांनी

घरात पोस्टर कलरच्या बाटल्या असतील तर परीक्षेच्या सरावासाठी त्या वापरत राहा. पोस्टर रंग अपारदर्शक, खालचा थर झाकतो, जाड लावला तर तडकतो. जलरंग पारदर्शक, त्यात पांढरा म्हणजे कागदच. एकाची सवय दुसऱ्याला लावली की दोन्ही गढूळ होतात, म्हणून दोघांचे ब्रश आणि वह्या वेगळ्या ठेवा.

कापसाचा कागद गावातल्या दुकानात नसेल आणि पावसाळ्यात मागवावा लागला, तर पार्सल आल्याबरोबर उघडा. एका कोपऱ्यावर पाण्याचा ब्रश फिरवा आणि मिनिटभर बघा. पाणी वर चमकत राहिलं तर कागद ठीक आहे. लगेच आत शिरून गडद ठिपके पडले, तर परत करायची मुदत संपायच्या आत तो परत पाठवा.